आत्याची उठबस

तेओपिस्ता नाबोसा गुडघे टेकून बसली, तोवर सगळं ठीक होतं. खाली जायला काय लागतं? जमीन आपली आपण ओढून घेते.

प्रसंग मयताचा. गावाकडच्या एका चुलत्याला माती देऊन झाली होती. माणसं केळीच्या बागेत सावली बघून टेकली होती आणि कुळातले सगळ्यांत वडील, मातायो आजोबा, फणसाखाली खुर्ची टाकून आल्यागेल्याचा रामराम घेत होते. तेओपिस्ता कंपालाहून आली होती. गोमेसीचे, म्हणजे कार्याप्रसंगी घालायच्या पायघोळ झग्याचे, टोकदार खांदे तिनं नीट केले, कमरेचा रुंद पट्टा सावरला आणि आजोबांपुढे चटईवर गुडघे टेकले. तिची आई टेकायची तसे, कुळातली प्रत्येक बाई वडीलधाऱ्यांपुढे टेकते तसे.

"कसे आहात, आजोबा?"

"आहे. तू कशी?"

"आहे."

"म्म्," आजोबा म्हणाले.

"म्म्," तेओपिस्ता म्हणाली.

इथं उठायचं असतं. तिनं मांड्यांना सांगितलं, उठा. मांड्या गप्प. वीसेक वर्षं ती जमीन-नोंदणीच्या कचेरीत हाताखालच्या माणसांना कामं सांगत आली होती, आणि तिथं तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. तिनं पुन्हा सांगितलं, उठा. डाव्या मांडीला जरासा कंप आला आणि विरून गेला, कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

हात टेकावा तर समोर अख्खं कुळ. आजोबांच्या तोंडावर गाईसारखं आधी मागचं आणि मग पुढचं उचलत उभं राहायचं? त्यापेक्षा चुलत्याशेजारी खड्डा खणलेला बरा. मग तिला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती तिनं केली. ती बोलत राहिली.

"घरचे कसे आहेत?"

"आहेत."

"कॉफीला फूल कसं आलंय?"

आजोबांनी मान जरा पुढे केली. "बरं आहे यंदा."

"आणि गाई?"

आजोबांना गाईंचं कुणी विचारून जमाना झाला होता. "कुठली गाय म्हणतेस?"

तेओपिस्ताला त्यांची एकही गाय ठाऊक नव्हती. "सगळ्याच," ती म्हणाली.

आजोबा खुर्चीच्या कडेला सरकले आणि एकेक गाय सांगू लागले. लांब शिंगांची सांगितली, तिची लेक सांगितली, दूध आटवून बसलेली सांगितली. शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक आहे बघ. गुणी जनावर. पण हल्ली बसली की तिला उठताच येत नाही. बिचारी नुसती माझ्याकडे बघत राहते."

हे ऐकून तेओपिस्ताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आजोबा उठले. कुळातले सगळ्यांत वडील, ज्यांनी आजवर मंत्र्यासंत्र्यासाठी खुर्ची सोडली नव्हती, ते उठले, पुढे झाले, दोन्ही हातांनी तिला धरून उभं केलं आणि जमलेल्या बायांकडे बघून म्हणाले, "पोरींनो, बघून घ्या. याला म्हणतात वळण."

संध्याकाळपर्यंत तेओपिस्ताच्या वळणाची कीर्ती तीन गावं फिरून आली.

पाहुण्यांसाठी केळी सोलत बसताना गोरेट्टीनं विषय काढला. गोरेट्टी तिची धाकटी बहीण. मुकोनोला भाजीची वाडी राखायची, काटक, तोंडाची फटकळ.

"ताई, अडकली होतीस ना?"

"कुठं?"

"चटईवर. ते पाणी गाईसाठी नव्हतं."

"हळू बोल गं, भवाने."

"मी बोलून ऐकतंय कोण! तिकडे बाया म्हणतायत, असं कुशल पणजीच्या काळात विचारायचे. मी जन्मभर उठतेबसते, माझ्या गुडघ्यांचं कुणी कौतुक केलं नाही. आणि हिचे बंद पडले तर हिचा उदोउदो!"

दोघी इतक्या हसल्या की सुऱ्या खाली ठेवाव्या लागल्या. मयताच्या घरात हसतात का, म्हणून कुणीतरी आतून खाकरलंसुद्धा. तेवढ्यात त्यांचा भाऊ मुबिरू आला, आणि त्यानं जे सांगितलं त्यानं हसू जागच्या जागी मेलं.

मुबिरूची लेक रेस्टी. तिला मागणी घालायला मुलाकडचे वाजतगाजत यायचे होते, कॉफीची तोडणी उरकली की. त्या दिवशी बापाला कुणी विचारत नाही, सगळी सूत्रं आत्याकडे. आत्यानं पोरींची रांग घेऊन मांडवात यायचं, पाहुण्यांपुढे गुडघे टेकायचे, उठायचं, त्यांच्या गर्दीत दडून बसलेला नवरा मुलगा हुडकून काढायचा, त्याला सगळ्यांदेखत पुढे आणायचं, कुळाच्या वडिलांपुढे पुन्हा टेकायचं आणि पुन्हा उठायचं. आजवर हे गोरेट्टी करणार असं ठरलं होतं. तेओपिस्तानं कचेरीचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं होतं.

"ताई, आता नाही म्हणू नकोस," मुबिरू म्हणाला. "म्हातारा हटून बसलाय. म्हणतो, आत्या म्हणून तीच बाई उभी राहील, नाहीतर मी येत नाही."

तो गेल्यावर गोरेट्टीनं केळ्याची साल टोपलीत टाकली. "उभी राहील म्हणे! त्या दिवशी हिला उचलायचं कुणी? नवरदेवानं?"

तेओपिस्ताला पाहुण्यांच्या जिभा ठाऊक होत्या. आत्याच उठेना, पोरीचा संसार काय उभा राहणार, एवढं एक वाक्य मांडवातून बाहेर पडलं की ते रेस्टीच्या नातवंडांपर्यंत पोचलं असतं.

आणि रेस्टी म्हणजे तरी कोण? आईविना पोर. शाळेपासून तेओपिस्ताच्या घरी वाढलेली. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आत्या, खरं सांगू? मला तूच हवी होतीस. तू नाही म्हणालीस तेव्हा मी बोलले नाही, एवढंच."

मग तेओपिस्तानं तिला गाईची हकिगत खरी काय ती सांगितली. रेस्टी पोट धरून हसली आणि हसून झाल्यावर शहाण्यासारखी म्हणाली, "मग उभ्यानंच कर ना. मी सांगते सगळ्यांना. कशाला ते गुडघेबिडघे! हल्ली कोण टेकतं?"

"तुम्ही टेकू नका. तुमचं तुम्ही ठरवलंत, मला पटतं. पण माझं मी ठरवलेलं नाही, रेस्टी. माझं माझ्या खुर्चीनं ठरवलंय. मी तिला हे ठरवू देणार नाही."

म्हणायला म्हणाली खरी. मग तिनं आपला दिवस जरा निरखून पाहिला आणि तिची तिलाच कमाल वाटली. पलंगावरून उठायचं ते जेवणाच्या खुर्चीवर बसायला. फाटकाशी सालोंगो मोटरसायकल घेऊन उभा. जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला सालोंगो म्हणत. त्याच्या मागं बसून कचेरी, मग लिफ्ट, मग चाकांची खुर्ची. ती खुर्ची इतकी गुणी की कपाटापर्यंतही तीच घेऊन जाई. फायली टेबलावर येत, चहा टेबलावर येई, दुपारचं जेवण डब्यातून टेबलावर येई. संध्याकाळी पुन्हा सालोंगो, मग सोफा, आणि सोफ्यावरून पलंग. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकायचे, पण तिथं पुढच्या बाकाची पाठ धरून उठता येतं. देवाला आधार घेतलेला चालतो. माणसांना चालत नाही.

बसून बसून ती दमायची मात्र रोज.

कचेरीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबले, वाकवले. "गुडघे चांगले आहेत. मांड्या बेकार झाल्यात. त्यांना काम द्या."

"कुठलं काम?"

"त्यांचंच."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तिनं सालोंगोला सांगितलं, "आजपासून मी चालत जाणार."

सालोंगोचा चेहरा पडला. "काय चुकलं माझं, बाई? परवा खड्ड्यातून गेलो म्हणून?"

"काही चुकलं नाही रे. पाय मोकळे करायचेत."

"साहेब माणसं पाय मोकळे करायला गाडीनं क्लबात जातात. रस्त्यानं कोण चालतं?" आणि तो मोटरसायकल पहिल्या गियरमध्ये टाकून तिच्या मागोमाग येऊ लागला, वरातीतल्या घोड्यासारखा. "रुसवा गेला की सांगा. मी इथंच आहे."

चढाला लागेपर्यंत तिला धाप लागली. ती एका भिंतीला टेकली, आणि टेकल्यावर तिनं वर पाहिलं.

अजून पुरतं उजाडलं नव्हतं. टेकडीच्या उतारावरून, खालच्या दलदलीकडच्या वस्त्यांमधून, पलीकडच्या टेकडीच्या कुशीतून माणसं येत होती. एकदोन नव्हेत. लाल मातीच्या प्रत्येक पायवाटेनं एकेक ओहोळ यावा आणि मोठ्या रस्त्याला येऊन मिळावा, तशी. विटांच्या कामावरचे गडी होते, खांद्यावर बूट टाकून अनवाणी चालणारे. शिळ्या झोपेच्या डोळ्यांनी घरी परतणारे पहारेकरी होते. डोक्यावर अननसांची पाटी आणि पाठीशी लेकरू बांधलेली एक बाई होती, ती फोनवर कुणाला तरी झापत होती आणि पाटी तसूभर हलत नव्हती. घरकामाच्या पोरी होत्या, इस्त्रीची पँट मोज्यांत खोचलेले कारकून होते. कुणी फारसं बोलत नव्हतं. नुसता पायांचा आवाज होता. पानांवर लांबून पाऊस येताना होतो तसा, न थांबणारा, सगळीकडून येणारा.

तेओपिस्ता बघतच राहिली. हे शहर रोज सकाळी असं चालत स्वतःकडे येतं, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं! रोज ती याच माणसांच्या मधून गेली होती. सालोंगोच्या पाठीमागून ती तिला धूळ म्हणून दिसली होती, हॉर्न वाजवला की बाजूला होणारी धूळ. आता एकेका पोटरीकडे, एकेका घोट्याकडे बघताना तिच्या अंगावर काटा आला. देवळात शिरल्यावर येतो तसा. एवढे पाय. एवढे न बोलता कामाला लागलेले पाय.

"बाई, बसता का?" मागून सालोंगो म्हणाला.

"नाही. तू जरा उतर."

"मी? मी कशाला?"

"उतर तर खरं. दिवसभर शहर पालथं घालतोस, पाऊल किती टाकतोस?"

सालोंगोनं विचार केला. "खरं सांगायचं तर मी दिवसभर बसूनच धावतो," तो म्हणाला आणि कंबर धरून खाली उतरला. पुढचा चढ दोघांनी मोटरसायकल ढकलत पार केला. वर पोचेपर्यंत लोक त्यांना पेट्रोल संपलं का म्हणून विचारत होते.

चालून धाप कमी झाली. पण जमिनीवरून उठणं काही येईना. सोफ्याला धरल्याशिवाय ते होतच नव्हतं. तेव्हा दोन दिवसांची सुट्टी काढून ती थोरल्या आत्याकडे गेली. थोरली आत्या म्हणजे मागदालेना, तिच्या वडिलांची बहीण. ऐंशीच्या पुढे कुठं तरी होती; तिथून पुढचं तिनं मोजायचं सोडलं होतं.

"आत्या, तू उठतेस कशी?"

"कुठून?"

"खालून."

म्हातारीनं तिच्याकडे भाचीचं डोकं फिरलंय अशा नजरेनं पाहिलं. "चुलीवर उतू जायला लागलं की उठते. उठते कशी म्हणजे काय? बैस. केळी सोल."

तेओपिस्तानं बसायला स्टूल ओढलं. म्हातारीनं ते तिच्याखालून काढून कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावून टाकलं.

मग दिवसभर तेओपिस्ता चटईवरून म्हातारीला बघत राहिली. केळी सोलायला बसली, पानं आणायला उठली. पानांना ऊन द्यायला बसली, बकरी सुटली म्हणून उठली. कुंपणाशी शेजारी दिसला की गुडघे टेकून त्याचं कुशल, तो गेला की उभी. जपमाळेला बसली, मधेच कोंबडीला हाकलून आली, आणि पुन्हा बसून सोडलेल्या मण्यापासून पुढे. मध्ये कुठं कण्हणं नाही, हात टेकणं नाही. धूर कसा जमिनीवरून वर जातो? कुणी उचलत नाही त्याला. तशी ती वर जायची. वाळक्या शेंगेसारखी बाई, आणि तिच्यात हे कुठून येत होतं? म्हातारीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती आपल्याच अंगातल्या या चमत्काराकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिचं लक्ष बकरीकडे.

संध्याकाळी उठायची पाळी तेओपिस्तावर आली. ती एका कुशीवर झाली, मग खांबाला धरलं, मग "आई गं" म्हणाली, मग उठली.

"किती दिवसांनी बसलीस जमिनीवर?" म्हातारीनं विचारलं.

"आठवत नाही."

"तिलाही तू आठवत नसशील. येत जा."

कंपालाला परत आल्यावर तिनं सोफा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि मधोमध चटई टाकली. जेवण चटईवर, कांदे चिरणं चटईवर, बातम्या चटईवर. हाताशी लागेल असं काही जवळ ठेवायचं नाही, म्हणजे मीठ आणायला उठा, पाणी आणायला उठा. कचेरीत चाकांची खुर्ची तिनं दाराशी नेऊन ठेवली. फायली स्वतः आणायला लागली, जिन्यानं चढायला लागली. दोन दिवसांत मजलाभर कुजबूज झाली की बाईंवर वरून काहीतरी आलंय. चहावाली पेरिपेटुआ डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाई, तुमचा चहासुद्धा बंद केला का हो त्यांनी?"

आणि मांड्या? त्या हळूहळू जाग्या झाल्या. आधी दुखून, मग थरथरून. मग एका सकाळी, खाली सांडलेले शेंगदाणे वेचून ती उभी राहिली आणि हातात बशी तशीच. दोन्ही हातांत शेंगदाण्यांची बशी! म्हणजे हात टेकले नव्हते. ती स्वयंपाकघरात तशीच थिजून उभी राहिली. पोटात मूल पहिल्यांदा हललं की बाई जशी एकदम थांबते आणि आत कान लावते, तशी.

कार्याचा दिवस उजाडला. मुबिरूच्या अंगणात दोन मांडव, एक आपला, एक पाहुण्यांचा. मातायो आजोबा पांढऱ्या लांब झग्यावर कोट घालून अगदी पुढं बसले होते. शेजारच्या दोघांना ते सांगत होते, "आता बघा हं. आता येईल ती."

तेओपिस्ता पोरींची रांग घेऊन आली. तिच्या मागोमाग, रांगेत नसायला हवी होती तरी, गोरेट्टी. "हात लागला तर पट्ट्याला मागून धरते," ती कुजबुजली. "गोमेसीच्या घोळात कुणाला दिसणार नाही."

"लागणार नाही."

"लागला तर म्हणते."

ती पाहुण्यांपुढे गेली आणि गुडघे टेकले. मागे पोरींचा रेशमी सळसळाट खाली बसला. पाहुण्यांनी कुशल विचारलं, तिनं विचारलं, म्म् झालं, म्म् झालं. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. मागे गोरेट्टीची बोटं पट्ट्याजवळ आलेली तिला जाणवली. समोरच्या रांगेतली एक जाडजूड विहीणबाई डोळे बारीक करून तिच्या गुडघ्यांकडेच बघत होती.

तेओपिस्तानं मांड्यांना काही सांगितलं नाही. पाहुण्यांतला नवरदेव शोधायचा होता, म्हणून ती उठली.

गोरेट्टीची बोटं हवेत राहिली. मागून पोरी उठल्याचा आवाज आला, वाऱ्यानं केळीची बाग उठावी तसा. आणि अंगणाच्या कडेला चटईवर बसलेली थोरली आत्या, जिला उठायचं काही कारण नव्हतं, तीही सगळ्या उठल्या म्हणून उठली. शालीखालून हात न काढता. तेओपिस्ताला ते दिसलं. त्या वाळक्या शेंगेतलं तेच काहीतरी आत्ता आपल्याही अंगातून वर गेलं होतं, तिनं ओळखलं.

नवरदेव तिसऱ्या रांगेत टोपी खाली ओढून बसला होता. तिनं त्याला कोपराला धरून काढलं, हशा झाला, ढोल वाजला. त्याला घेऊन ती मातायो आजोबांपुढे आली, गुडघे टेकले, "आजोबा, हा आपला," म्हणाली, कुशल विचारलं आणि उठून उभी राहिली. उठल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण मधे टेकून आलो. पलीकडे रेस्टीनं तोंडावर हात धरला होता आणि ती हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक.

आजोबांचा चेहरा मात्र उतरला होता.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं की, आजोबा."

"त्या दिवशी किती छान बसली होतीस. आज टेकलीस काय, उठलीस काय! शहरातल्या बायका तुम्ही. तुम्हाला घाई फार." त्यांनी शेजाऱ्यांकडे ओशाळून पाहिलं. "त्या दिवशी खरंच फार वळणाची होती हो ही."

गोरेट्टीनं तोंडात पट्ट्याचं टोक कोंबलं.

तेओपिस्तानं आजोबांकडे पाहिलं. तिच्यामागे ढोल खोळंबले होते, लुवोंबोचे, म्हणजे पानात बांधून शिजवलेल्या कोंबडीचे, वास सुटले होते, पोरी उभ्या होत्या. तिला उठून जाता येत होतं. पायांत हवं तेवढं बळ होतं. म्हणून ती सावकाश, गोमेसीचा घोळ नीट पसरत, पुन्हा खाली बसली.

"आजोबा, कॉफीची तोडणी कशी झाली?"

आजोबा खुर्चीच्या कडेला सरकले. "बरी झाली."

"आणि गाई?"

"कुठली गाय म्हणतेस?"

"कपाळावर पांढरा ठिपका असलेली. उठते का ती?"

"अगं, उठते म्हणजे?" आजोबांनी दोन्ही हात वर केले. "आम्ही तिला रोज हलवून हलवून बाहेर काढली, टेकडीवर फिरवली. आता कुंपण मोडून पळते! परवा तर..."

आजोबा सांगू लागले. तेओपिस्ता गुडघ्यांवर बसून ऐकत राहिली, हवा तेवढा वेळ.